आर्चटॉप की फ्लॅटटॉप? आधी तारा कुठे बांधल्या आहेत ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा-सात वर्षं तुम्ही ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे मोठ्या रुंद अंगाची, सपाट फळीची फ्लॅटटॉप गिटार वाजवताय, बरंचसं गाण्याच्या साथीला आणि थोडं फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडत. मित्राची एफ-होलवाली (इंग्रजी एफसारखी दोन भोकं असलेली), कमानदार फळीची आर्चटॉप गिटार हातात घेतली तेव्हा ती कोरडी आणि बसक्या आवाजाची वाटली. पण तोच मित्र चार वाद्यांत बसून ती वाजवतो तेव्हा तिचा प्रत्येक ठोका स्पष्ट ऐकू येतो. मग ती चांगली की वाईट? एवढी महाग का? आणि तुमची फ्लॅटटॉप विकून ती घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: विकू नका. आर्चटॉप कमी दर्जाची आहे असं मात्र मी म्हणत नाही. तुम्ही जे वाजवता ते काम तिचं नाही. गेली वीसहून जास्त वर्षं दोन्ही प्रकारची वाद्यं माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात. दोन्ही आतून उघडून पाहिली की कळतं, दिसायला भावंडं असली तरी यांची घडणच वेगळी आहे. गोल भोक की एफ-होल हा फरक वरवरचा आहे. खरा फरक आहे तो तारा वाद्याला कुठे आणि कशा बांधल्या आहेत याचा.

तुमच्या फ्लॅटटॉपचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, पाहा. तो वरच्या फळीला चिकटवलेला आहे आणि तारांची टोकं त्यातच पिना ठोकून अडकवली आहेत. ०.०१२ चा साधा संच (आकडा सर्वांत पातळ तारेच्या जाडीचा, इंचांत) पूर्ण सुरात लावला की सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. हा सगळा ताण ब्रिजला नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या दिशेने ओढतो. तारा फळीपासून थोड्या उंचावरून जातात, म्हणून ब्रिज पुढे कलू पाहतो. त्याची मागची कड फळीला वर उचलते आणि पुढची कड खाली दाबते. फळी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. हा पीळ तिने वर्षानुवर्षं सोसायचा आणि तरीही मोकळेपणाने थरथरायचं. म्हणून तिच्या पोटाला आतून इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ही रचना अमेरिकेतले गिटार बनवणारे मार्टिन यांच्या गिटारमध्ये १८४० च्या दशकातच दिसते. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारांचा ताण आला तेव्हा हीच रचना कामी आली.

आता आर्चटॉप. तिच्या तारा ब्रिजला बांधलेल्याच नसतात. त्या ब्रिजवरून पुढे जातात आणि वाद्याच्या शेपटाकडे कडेला स्क्रूने धरलेल्या टेलपीसमध्ये अडकतात. ब्रिज नुसता फळीवर उभा असतो. सरस नाही, स्क्रू नाही. तारा सैल केल्या की तो हातात येतो. ज्यांनी तंबोरा जवळून पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. तंबोऱ्याच्या तारा तळाला लंगोटाला बांधतात आणि घोडीवरून नेतात. घोडी तबलीला दाबते, ओढत नाही. आर्चटॉपचंही तसंच. ब्रिजवर तारांना जो कोन पडतो त्यातून ताणाचा काही भाग थेट खाली उतरतो. पंधरा अंशांचा कोन आणि पंचाहत्तर किलो ताण धरला तर हा दाब वीस किलोच्या आसपास येतो. सपाट पातळ फळी या दाबाखाली खचेल. म्हणून फळीला कमानीचा आकार दिलेला असतो. दाराच्या कमानीवर भिंतीचं वजन बसतं तसाच हा प्रकार.

ओढ आणि दाब, एवढा हा एक फरक. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच येतं.

कमानीची फळी तिच्या आकारामुळेच ताठ असते, मधोमध साधारण सहा मिलिमीटर आणि कडेला त्याहून पातळ. ती पातळ सपाट फळीसारखी मोठ्या हेलकाव्यांनी हलत नाही, म्हणून खर्ज कमी मिळतो. मधल्या पट्टीतले स्वर मात्र ठासून येतात. ठोका पडताक्षणी आवाज पुढे झेपावतो आणि लवकर विरतो. फ्लॅटटॉपमध्ये स्वर फुलत जातो, भोवती इतर स्वरांची आस पसरते आणि ती रेंगाळते. तुम्हाला जे कोरडं वाटलं ते हेच रेंगाळणं नसणं. घरात एकट्याने गाणं म्हणताना ती आस तुमच्या गळ्याला आधार देते. पण दोन ट्रम्पेट, एक पियानो आणि ड्रम सुरू असताना तीच आस चिखल होते आणि गिटार ऐकू येईनाशी होते.

आर्चटॉपचा जन्मही याच गरजेतून पक्का झाला. व्हायोलिनसारखी कोरलेली फळी गिटार-मँडोलिनला लावण्याचं काम ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू इथे केलं. १९०२ मध्ये त्यांच्या नावाने कंपनी निघाली. पण त्या सुरुवातीच्या कोरीव गिटारना भोक गोल किंवा लंबगोल असायचं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वाद्यांची आखणी करणारे लॉइड लोर तिथे असताना एल-५ हे मॉडेल आलं. एफ-होल, आत दोन लांब समांतर पट्ट्या, उंची बदलता येणारा ब्रिज आणि नेकमध्ये ताण जुळवायची सळई. आज आपण जिला आर्चटॉप म्हणतो तिचा साचा तो. त्या काळात नाचाच्या बँडमध्ये ताल धरायचं काम बँजोकडे होतं. पुढच्या दहा वर्षांत ते गिटारकडे आलं, कारण या गिटारचा आवाज पितळी वाद्यांच्या फटीतून वाट काढत पोचायचा. मग आकार वाढत गेले. एल-५ ची रुंदी सोळा इंचांवरून सतरावर गेली, १९३४ मध्ये अठरा इंचांची सुपर ४०० आली आणि बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग यांनी एकोणीस इंचांपर्यंत मजल मारली. न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिको यांनी १९३२ ते १९६४ या काळात हजाराहून थोड्या जास्त गिटार बनवल्या. आजही आर्चटॉप बनवणारे कारागीर त्यांचं काम समोर ठेवून शिकतात.

फ्रेडी ग्रीन यांना ऐका. १९३७ पासून जवळपास पन्नास वर्षं ते काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात विजेशिवायची आर्चटॉप वाजवत होते. तारा फ्रेटबोर्डपासून (नेकवरच्या, आडव्या धातूच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीपासून) चांगल्या उंच ठेवलेल्या, उजव्या हाताचा चारही मात्रांना सारखा ठोका, आणि डावा हात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दाबून लगेच सैल. बहुतेक वेळा दोन-तीनच तारा, त्यातही एखादाच स्वर उठून यायचा. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदात ती गिटार वेगळी ऐकू येण्यापेक्षा जाणवते. तो ताल काढून घेतला तर सगळा वाद्यवृंद सैल पडेल असं वाटत राहतं.

तुम्ही मात्र मित्राच्या गिटारवर बहुधा उघड्या तारांचा जी कॉर्ड घेऊन सहाही तारांवर हात फिरवला असणार, आणि तिथेच तुमचं मत चुकलं. ही परीक्षा फ्लॅटटॉपच्या सोयीची आहे. आर्चटॉपवर सहावी, चौथी आणि तिसरी एवढ्याच तारा घेऊन, पाचवी बोटाच्या पेऱ्याने बंद ठेवून, जाड पिकने (तार छेडायच्या चकतीने) छोटा ठोका द्या आणि डावं बोट लगेच सैल करा. मग तेच फ्लॅटटॉपवर करा. फरक दोन मिनिटांत कळेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वाजवणाऱ्याच्या जागेवरून आर्चटॉपची पारख करू नका. मी गिऱ्हाइकांकडून नेहमी एक प्रयोग करून घेतो. एकाने खोलीच्या एका टोकाला बसून दोन्ही गिटार आलटूनपालटून वाजवायच्या, दुसऱ्याने पाठ करून हळूहळू दूर जायचं, शक्य असेल तर दाराबाहेर. जवळून फ्लॅटटॉप मोठी आणि भरदार वाटते. पंधरा-वीस पावलांवर गेलं की चांगल्या कोरीव आर्चटॉपचे स्वर अजून सुटे सुटे ऐकू येतात आणि फ्लॅटटॉपचा खर्ज भिंतींत मिसळून गेलेला असतो. मग जागा बदलून पुन्हा. कितीतरी जणांचं मत या प्रयोगानंतर बदललेलं मी पाहिलंय, दोन्ही बाजूंनी.

आर्चटॉप फक्त जॅझची, असं मात्र समजू नका. अमेरिकी लोकसंगीतातल्या गिटारवादक मेबेल कार्टर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एल-५ घेतली आणि अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल, बोटांनी वरच्या तारांवर ताल अशी पद्धत तिच्यावर वाजवली. अमेरिकी लोकगीतांच्या साथीचा पुढचा बराचसा प्रवास त्या आवाजावर उभा आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपमध्येच बदल करून घडवलेली आहे. मुख्य तारा, चिकारी आणि तरफा मिळून जवळजवळ वीस तारांचा ताण सांभाळायचा असेल, तर तो चिकटवलेल्या ब्रिजपेक्षा शेपटाकडे बांधणं केव्हाही शहाणपणाचं. या दोहोंच्या मध्ये बसणारी तिसरी जातही आहे. १९३२ पासूनच्या फ्रान्समधल्या सेल्मर गिटार आणि त्यांच्या आजच्या नकला, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्यामुळे गाजलेल्या. फळी पातळ आणि किंचित वाकवलेली, पण टेलपीस आणि सुटा ब्रिज आर्चटॉपसारखा. तुम्हाला ठोक्याची धार हवी असेल आणि आर्चटॉपचा कोरडेपणा नको असेल, तर ही एकदा वाजवून पाहाच.

आता किंमत. फ्लॅटटॉपची फळी म्हणजे पातळ चिरलेल्या स्प्रूसचे (एक मऊ, हलकं लाकूड) दोन तुकडे शेजारी जोडलेले. आर्चटॉपसाठी स्प्रूसचे जाड पाचरीसारखे तुकडे जोडतात, मग बाहेरून आणि आतून कोरत, बोटाने ठोकून ऐकत, जाडी मापत खाली आणतात. बहुतेक लाकूड ढलप्या होऊन जमिनीवर पडतं. पाठीलाही तेच, आणि ते मेपल, म्हणजे त्याहून कठीण. नेक मागे झुकवून बसवावा लागतो, कारण ब्रिज उंच असतो. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते या हातकामाचे. त्यातून तुम्हाला हवा तो आवाज मिळेलच असं नाही.

आणि प्रत्येक आर्चटॉप कोरलेली नसते. १९३६ मध्ये गिब्सनची विजेवरची ईएस-१५० आली, जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांनी पिकअपमधून (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून) गिटारला सोलो वाजवणारं वाद्य केलं, आणि फळीतून आवाज काढायची निकड संपत गेली. १९४९ च्या गिब्सनच्याच ईएस-१७५ ची फळी मेपलचे थर साच्यात दाबून केलेली होती, आणि ते मुद्दाम होतं. अशी फळी कमी थरथरते, म्हणून अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) शिट्टी कमी मारते. विजेवर त्या गिटार सुंदर वाजतात. पण अँपशिवाय वाजवायला म्हणून अशी गिटार घेतली तर निराशा ठरलेली. 'मी आर्चटॉप घेतली पण तिला आवाजच नाही' असं म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ही दाबीव फळीचीच असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. एफ-होलच्या कडेवर टॉर्च मारा. एकावर एक थर दिसले तर दाबीव. वरच्या लाकडाची रेघ कडेवरून सलग आत उतरताना दिसली तर एकसंध लाकूड. रंगाने कड झाकली असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा. एकसंध लाकूडही कधी कोरण्याऐवजी वाफेने वाकवून दाबलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण किंमत कोरीव गिटारची नसावी.

दाबावर उभा असलेला ब्रिज किती नाजूक गोष्ट आहे, याचं एक उदाहरण सांगतो. एकदा एक कोरीव आर्चटॉप आली. मालक म्हणाले, वरच्या दोन तारा मेल्यासारख्या वाजतात, फळी बिघडली असेल. मी साध्या कागदाची पट्टी घेऊन ब्रिजच्या पायाखाली सरकवून पाहिली. पातळ तारांच्या बाजूचा पाय मधोमध टेकलेला, पण दोन्ही टोकांना कागद सहज आत गेला. कोणीतरी दुसऱ्या गिटारचा ब्रिज आणून बसवला होता. फळीवर पॉलिश पेपर खरबरीत बाजू वर करून ठेवला, ब्रिज त्याच्या जागेवर धरून बोटभर पुढे-मागे घासला, तपासला, पुन्हा घासला. पायाचा तळ फळीच्या उठावाशी तंतोतंत जुळेपर्यंत दीड तास गेला. तारा चढवल्या आणि पहिल्याच ठोक्याला त्या दोन तारा बोलल्या. फळीला काहीही झालेलं नव्हतं. फ्लॅटटॉपमध्ये असा बिघाड होत नाही, आणि झालेला बिघाड इतक्या स्वस्तात सुटतही नाही. तिथे ब्रिज मागच्या कडेने सुटला की गरम करून काढा, जुना सरस खरवडा, पुन्हा चिकटवा, क्लॅम्प लावून दिवसभर ठेवा.

सुट्या ब्रिजचा फायदा असा की तारांची उंची दोन चाकं फिरवून बदलते आणि सूर जुळवायला ब्रिजच सरकवता येतो. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे न्या, उतरा असेल तर नेककडे. बाराव्या फ्रेटवर उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर ब्रिजवर एक मिलिमीटर उतरवावं लागतं. फ्लॅटटॉपमध्ये याच कामासाठी सॅडल (ब्रिजमधली तारांखालची पट्टी) काढून खालून घासायचा, आणि जास्त घासला गेला तर नवा करायचा.

तारा मात्र एकेक करून बदला. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जुन्या आर्चटॉपच्या सगळ्या तारा एकदम उतरवल्या आणि ब्रिजची जागा खूण न करता गमावली. सूर पुन्हा जुळवायला अर्धा दिवस गेला आणि फळीच्या वार्निशवर पायाचा एक बारीक ओरखडा कायमचा राहिला. तेव्हापासून ब्रिजच्या दोन्ही बाजूंना सहज निघणारी कागदी टेप लावल्याशिवाय मी हात लावत नाही.

तारांच्या जाडीबद्दल. कोरीव आर्चटॉपला हलक्या तारा लावल्या की ती गप्पच बसते, कारण फळी हलवायला दाब लागतो. ०.०१२ पासून पुढे, तिसरी तार गुंडाळलेली, आणि अँपशिवाय वाजवायचं असेल तर ब्राँझच्या. चुंबकीय पिकअप असेल तर निकेल, कारण ब्राँझचं गुंडाळण पिकअपला नीट उचलता येत नाही आणि तारांचे आवाज कमीजास्त येतात. फ्लॅटटॉपला याउलट उगाच जाड तारा लावू नका. ब्रिजवरचा पीळ वाढतो आणि त्याचा हिशेब फळी काही वर्षांनी चुकता करते.

हवेचा परिणाम दोन्हींवर होतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. फार दमट हवेत फ्लॅटटॉपचं पोट ब्रिजमागे फुगतं, तारा उंच होतात. फार कोरड्या हवेत फळी खचते आणि चिरा जातात. आर्चटॉपही हलते, पण चाकं फिरवून तुम्ही सावरू शकता. तिच्या चिरा बहुधा एफ-होलच्या टोकापासून सुरू होतात, तिथे लक्ष ठेवा.

मग तुमच्यासाठी काय? तुम्ही गाता, एकट्याने वाजवता, फिंगरस्टाइलमध्ये उघड्या तारांची आस वापरता. तुमची फ्लॅटटॉप याच कामासाठी बनलेली आहे, ती ठेवा. फक्त कोरडी धार हवी म्हणून खटपट असेल, तर आधी अंगाबाहेर चौदा फ्रेट असलेली लहान अंगाची फ्लॅटटॉप वाजवून बघा. तिचा खर्ज आटोपशीर असतो आणि ड्रेडनॉटमध्ये न मिळणारी सुटसुटीत बोली तिच्यात सापडते. पण आठवड्यातून एकदाही तुम्ही चार जणांत बसून कॉर्डचा ताल धरत असाल, किंवा ते शिकायची मनापासून ओढ असेल, तर दुसरी गिटार म्हणून आर्चटॉप जरूर घ्या. आणि मला विचाराल तर चमकत्या नव्या दाबीव फळीच्या गिटारपेक्षा थोडी घासलेली पण कोरीव घ्या.

जुनी पाहायला जाल तेव्हा टॉर्च आणि छोटा आरसा सोबत न्या. आधी गिटार डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून शेपटाकडून फळीवर नजर टाका. ब्रिजखाली कमान सलग असली पाहिजे, बशीसारखी खचलेली दिसली तर परत द्या. मग बोटाच्या पेराने फळीवर सगळीकडे हलकेच ठोका. कुठे खरखर किंवा झणझण आली तर आतली पट्टी सुटली आहे. ती चिकटवता येते, पण एफ-होलमधून हात आत जात नाही, म्हणून मजुरी बरीच पडते आणि ती किमतीतून वजा करून घ्या. ब्रिजची चाकं तळाला टेकली असतील आणि तारा तरीही उंच असतील तर नेकचा कोन गेलेला आहे. तिथे घाई करू नका, दुरुस्तीचा अंदाज घेऊनच बोला. शेवटी मित्राला वाजवायला बसवा आणि तुम्ही दाराबाहेर जाऊन उभे राहा.